कार्पेटखालच्या हार्डवुडवरचा जुना गोंद काढताना

अमेरिकेत साठ-सत्तर वर्षं जुनं घर घेतलं आणि हॉलमधल्या कार्पेटचा कोपरा उचलून पाहिला, की खाली बऱ्याचदा ओकच्या पट्ट्या निघतात. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, शिकागोची जुनी उपनगरं, सगळीकडे हेच. सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड, एकमेकींत खोबणीने बसवलेल्या पट्ट्या. आज तसं लाकूड नव्याने घालायचं तर किती पैसे लागतील याचा हिशेब मनात सुरू होतो आणि माणूस खूश होतो. मग सगळं कार्पेट निघतं आणि खालून गोंद दिसतो: कुठे काळा, कुठे पिवळा, कुठे फोमचे तुकडे चिकटलेले, कुठे तपकिरी कागदाचे पोपडे.

अशा वेळी पहिला विचार असतो तो सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, भाड्याने आणून एका वीकेंडात सगळं साफ करून टाकण्याचा. तो विचार आधी बाजूला ठेवा. सँडरचा पट्टा फिरताना तापतो, त्या उष्णतेने गोंद वितळतो, काही मिनिटांत पॉलिश पेपर भरून जातो आणि राहिलेला गोंद लाकडाच्या रेषांत आणखी खोल रगडला जातो. हे झालं पैशाचं नुकसान. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काही जुन्या गोंदांत फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू असलेलं खनिज, म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस असतं, आणि घासून त्याची धूळ केली की ती घरभर पसरते.

आधी घराचं वय, मग गोंदाचा रंग

घर कधी बांधलं ते कागदपत्रांत सापडेल. पण जमिनीवरचे थर केव्हा चढले हे महत्त्वाचं, आणि ते कागदावर नसतं. ढोबळ नियम असा धरा: घर १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचं असेल आणि गोंद काळा, डांबरासारखा असेल, तर त्यात अ‍ॅसबेस्टॉस आहे असं समजूनच वागायचं. गोंदावर नऊ इंच बाय नऊ इंचाच्या टाइल्स असतील किंवा त्यांचे चौकोनी ठसे उमटलेले दिसत असतील तर संशय आणखी पक्का. बारा इंची टाइल्स निर्धोक असतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यांतही अ‍ॅसबेस्टॉस सापडतं. जुन्या व्हिनाइल शीटच्या पाठीमागचा राखाडी, लगद्यासारखा थरही याच यादीत येतो.

नुसतं बघून हे कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, सल्ला असा की नमुना प्रशिक्षित माणसाने घ्यावा, आणि घरात लहान मुलं असतील तर मीही तेच म्हणेन. स्वतः घेणार असाल तर हीटिंग किंवा एसीचा पंखा बंद करा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून ती जागा भिजवा. पट्टीच्या सुरीने नखाएवढा तुकडा अलगद काढा, दोन झिप पिशव्यांत एकात एक बंद करा, आणि काढलेल्या जागेवर लगेच टेप लावा. टाइल, गोंद आणि कागद असे तीन थर असतील तर तीन वेगळे नमुने द्यायचे, कारण टाइलमध्ये काही नाही आणि गोंदात आहे, असंही होतं. प्रयोगशाळा एनव्हीएलएपीची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी सरकारी योजनेची) मान्यता असलेली निवडा आणि पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपीची चाचणी मागा. १ टक्क्यापेक्षा जास्त अ‍ॅसबेस्टॉस निघालं तर कायद्याच्या भाषेत तो माल अ‍ॅसबेस्टॉसयुक्त ठरतो.

अहवाल येईपर्यंत त्या खोलीत झाडू नाही, साधा व्हॅक्यूम तर अजिबात नाही. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून हे बारीक तंतू आरपार जातात आणि मागच्या बाजूने हवेत उडतात.

अहवालात अ‍ॅसबेस्टॉस आलं तर घाबरून जायचं कारण नाही. घट्ट चिकटलेला, न उखडलेला गोंद नुसता पडून राहिला तर सहसा त्रास देत नाही. तो घासला, फोडला, कोरडा खरवडला की धोका. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, तो आहे तसा ठेवून वरून प्लायवुड किंवा न चिकटवता बसणारी नवी जमीन घालणं. दुसरा, परवानाधारक अ‍ॅसबेस्टॉस काढणाऱ्यांना बोलावणं. खालचा ओक सुंदर असला तरी पहिला रस्ता मला बहुतेक घरांत शहाणपणाचा वाटतो. घरमालकाने स्वतः काढायला कुठे परवानगी आहे, कचरा कुठे द्यायचा, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. राज्याच्या पर्यावरण किंवा आरोग्य खात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. यापुढचं सगळं मार्गदर्शन चाचणीत अ‍ॅसबेस्टॉस न सापडलेल्या गोंदासाठी आहे.

आणखी एक गोष्ट शिशाची. घरांच्या रंगातलं शिसं अमेरिकेत १९७८ मध्ये बंद झालं. त्याआधीच्या घरांत खोलीच्या मधोमध गालिचा टाकून भोवतीची कड रंगवायची पद्धत होती. तुमच्या ओकवर भिंतीलगत रंगाचा पट्टा दिसला, किंवा जुन्या व्हार्निशबद्दल शंका असली, तर तिथला नमुनाही पाठवा. रांगणारं मूल असलेल्या घरात शिशाची धूळ अ‍ॅसबेस्टॉसइतकीच नको असते.

गोंद कशाला विरघळतो ते पाहा

कपाटाच्या आत किंवा दरवाज्यामागे, जिथे डाग राहिला तरी चालेल अशा जागी हा प्रयोग करायचा. कापसाचे चार बोळे घ्या: एक कडकडीत गरम पाण्याचा, एक डिनेचर्ड अल्कोहोलचा (पिण्यालायक न ठेवलेला स्पिरिट), एक मिनरल स्पिरिट्सचा (रंग पातळ करायचं पेट्रोलियमचं द्रावण), एक संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेल्या क्लीनरचा. प्रत्येक बोळा गोंदावर वेगळ्या जागी ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पाहा. ज्याखाली गोंद लिबलिबीत झाला ते तुमचं औषध.

साधारण असं दिसतं. लिनोलियमखालचा तपकिरी कागद आणि त्याची खळ बहुतेकदा पाण्यालाच दाद देते, मात्र त्या कागदाचीही चाचणी झालेली हवी. कार्पेटचा पिवळट, कडक झालेला लेटेक्स गोंद पाण्याला थोडा नरमतो, पण सोयाबीनच्या किंवा संत्र्याच्या क्लीनरला जास्त. कडेच्या दुहेरी टेपचा रबरी चिकटा मिनरल स्पिरिट्सने सुटतो. आणि काळे-करडे ठिपके म्हणजे दर वेळी गोंद असतोच असं नाही: कार्पेटखालचं फोमचं पॅडिंग कुजून व्हार्निशला चिकटतं, ते प्लास्टिकच्या पट्टीने कोरडंच निघून येतं. अ‍ॅसबेस्टॉस नसलेला काळा डांबरी गोंद मिनरल स्पिरिट्सने पातळ होतो खरा, पण पातळ झाला की पसरतो आणि ओकच्या रेषांत शिरून काळं करतो. त्याला सोयाबीनचा जेल, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेलं गोंद काढायचं घट्ट औषध, बरा.

याच कोपऱ्यात लाकडावरचं पॉलिशही ओळखून घ्या. मिनरल स्पिरिट्सने पांढरं फडकं पिवळट झालं तर वर मेण आहे. अल्कोहोलने चिकट झालं तर शेलॅक, म्हणजे आपल्याकडच्या सुताराचं लाखेचं पॉलिश. दोन्हींचा काही परिणाम झाला नाही तर बहुधा पॉलियुरेथेन.

हे कळलं की निर्णय घेता येतो. पॉलिश शाबूत आहे आणि गोंद फक्त कडेने आहे, तर पॉलिश वाचवा: प्लास्टिकची पट्टी, हेअर ड्रायर आणि मिनरल स्पिरिट्स, एवढ्यावरच थांबा. अ‍ॅसिटोन जवळ आणू नका, ते शेलॅक आणि लॅकर तत्काळ खातं आणि पॉलियुरेथेनही मऊ करतं. खोलीभर गोंद असेल तर पॉलिश जाणारच, मग जोराचं औषध चालेल.

जमीन अख्ख्या ओकची आहे की वर पातळ थर असलेल्या एंजिनिअर्ड पट्ट्यांची, हेही आत्ताच पाहा. जमिनीत हीटिंगची जाळी बसवलेली असेल तर ती उचला, कापलेल्या पट्टीची कड उघडी दिसते. थर दीड-दोन मिलिमीटरचा असेल तर सँडरचा विषय मिटला आणि पाणीही बेताने. अख्खा ओक असेल तर खोबणीच्या वर किती लाकूड उरलंय ते त्याच कडेला मोजा. नव्या पट्टीत ते पाव इंचाच्या आसपास असतं; पूर्वी एक-दोनदा घासलेलं असेल तर कमी.

पेट्रोल आणि रॉकेल नको

याला वेगळी जागा देतोय, कारण आपल्या लोकांना हा उपाय हमखास आठवतो. पायाला डांबर लागलं की आजी रॉकेलचा बोळा फिरवायची, सायकलच्या चेनचं काळं पेट्रोलने निघायचं. पण ते अंगणात, उघड्यावर. अमेरिकेतल्या घराच्या बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर आणि फर्नेस असतो, त्यात लहान ज्योत जळत असते किंवा ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत जिन्यावरून खाली उतरते आणि ज्योतीपर्यंत पोचते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मिनरल स्पिरिट्सला त्यासाठी ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. अ‍ॅसिटोन या बाबतीत पेट्रोलच्या जवळचं, उणे २० अंश. म्हणून अ‍ॅसिटोन वापरायचंच तर नखाएवढ्या डागापुरतं.

कुठलंही ज्वलनशील द्रावण उघडण्यापूर्वी वॉटर हीटर आणि फर्नेस बंद करा, ज्योत विझलीय याची खात्री करा. हेअर ड्रायर किंवा हीट गन द्रावणासोबत एकाच दिवशी वापरू नका.

मागच्या मालकाने गॅरेजमध्ये ठेवून दिलेला पेंट रिमूव्हरचा जुना डबा सापडला तर त्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का पाहा. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत, आणि २०१९ मध्ये ईपीएने असे रिमूव्हर ग्राहकांना विकायला बंदी घातली. तो डबा उघडायचा नाही.

सामान आणि दिवस

प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या भरपूर आणा, त्या झिजतात. एक लोखंडी पुट्टी नाइफ लागेल, पण तिचे दोन्ही कोपरे कानसीने गोल करून घ्या. लाकडावर ओरखडे उठतात ते टोकदार कोपऱ्यांनी. नायलॉनचा ब्रश, फटींसाठी बांबूच्या काड्या, जुने सुती पंचे, झाकणाचा पत्र्याचा डबा, मांजराची वाळू किंवा लाकडाचा भुसा. गुडघ्यांना पॅड लावा.

पोलादी तारेचा चोथा मात्र आणू नका. ओकमध्ये टॅनिन असतं. तारेचा बारीक कण ओल्या लाकडात राहिला की त्याभोवती निळा-काळा डाग उमटतो. तसा डाग आधीपासून असेल, खिळ्याभोवती हमखास असतो, तर तो गोंदाच्या औषधाने जाणार नाही. त्याला नंतर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं. अमोनियाही नको, तो ओकला काळपट करतो. ब्लीचमध्ये काहीही मिसळायचं नाही.

मास्कबद्दल गैरसमज फार आहेत. कोविडच्या काळात घेतलेले एन-९५ धुळीसाठी आहेत, वाफेला ते अडवत नाहीत. त्यासाठी द्रावणांची वाफ शोषणाऱ्या (ऑरगॅनिक व्हेपर) काडतुसांचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा रेस्पिरेटर घ्या. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही. हातमोजे नायट्राइलचे, अ‍ॅसिटोन मात्र त्यांतून लवकर झिरपतं.

आणि हे काम जानेवारीत काढू नका. खिडक्या उघड्या ठेवायच्या आहेत. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असताना तर नकोच. दम्याचा त्रास असलेल्याने त्या दिवसांत घरात झोपू नये.

प्रत्यक्ष काम

आधी कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या आणि कार्पेटचे स्टेपल पक्कडीने काढा. एकही राहिला तर पट्टी अडखळते आणि पुढे सँडरचा पेपर फाटतो. मग औषध न लावता, प्लास्टिकच्या पट्टीने निघेल तेवढं कोरडं काढून घ्या. जितका गोंद आधी निघेल तितकं द्रावण कमी लागेल.

पाण्याने सुटणारी खळ असेल तर गरम पाण्यात पंचा बुडवून पिळा आणि पसरून ठेवा. पाणी ओतायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी कागद फुगतो, मग पट्टी खाली घालून उचलायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. ओकच्या फटींत पाणी मुरलं तर पट्ट्यांच्या कडा वर उचलतात.

टेपच्या चिकट्याला हेअर ड्रायरची ऊब द्या आणि बोटाने गोळा करत आणा. राहिलेल्यावर दुसऱ्या दिवशी मिनरल स्पिरिट्सचा बोळा.

लेटेक्स आणि डांबरी गोंदासाठी सोयाबीनचा जेल. इथे सगळ्यात मोठी परीक्षा संयमाची असते. लांबच्या कोपऱ्यापासून सुरू करून दाराकडे या, म्हणजे ओल्यावर पाय द्यावा लागणार नाही. एका वेळी पायपुसण्याएवढी जागा घ्या. जेल पातळ पसरू नका, थर जाड हवा. वरून प्लास्टिकचा पातळ कागद अंथरा, म्हणजे तो वाळणार नाही. मग निघून जा. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. काही जेलना तास पुरतो, जुन्या गोंदाला कित्येक तास लागतात. दर दहा मिनिटांनी येऊन खरवडून पाहणाऱ्याचं काम दुप्पट होतं, कारण अर्धवट मऊ झालेला गोंद पसरतो.

तयार झालेला गोंद लोण्यासारखा एका थरात उचलला जातो. पट्टी जमिनीला जवळजवळ आडवी धरा आणि नेहमी रेषांच्या दिशेने ढकला, आडवी कधीच नाही. पट्टीवर जमलेला गाळ दर वेळी डब्यात पुसा. पट्टीला जोर लावावा लागतोय म्हणजे गोंद अजून तयार नाही. जोर वाढवू नका, त्या जागी जेलचा दुसरा थर द्या. फटींतला गोंद बांबूच्या काडीने काढा. लोखंडी टोक फटीत घातलं की ओकच्या पट्टीची कड तुटते.

पहिल्या दिवशी एवढीच जागा करा आणि पुढची आखणी त्यावरून करा. दहा बाय बाराच्या खोलीला किती जेल लागेल, किती वीकेंड जातील, हे त्या एका तुकड्यावरून कळतं. आकडा भयंकर आला तर तेव्हाच कॉन्ट्रॅक्टरचा भाव मागवा, त्यात कमीपणा नाही.

फडकी

दिवसाच्या शेवटी थकलेला माणूस सगळी फडकी एका कोपऱ्यात बोळा करून टाकतो. सोयाबीनचं किंवा जवसाचं तेल लागलेली फडकी हवेशी संयोग पावून आपोआप तापतात, आणि ढिगाऱ्यात ती उष्णता अडकली की पेट घेतात. काडी लागत नाही. म्हणून फडकी बाहेर दोरीवर सुटी सुटी वाळत घाला, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. खरवडलेला गाळ वाळूत किंवा भुशात मिसळा. हे सगळं रोजच्या कचऱ्यात किंवा सिंकमध्ये जात नाही. काउंटीचा घातक कचरा घेण्याचा दिवस ठरलेला असतो, तोपर्यंत घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवा.

ओशटपणा आणि सँडिंग

गोंद गेला तरी जेलचा ओशट थर राहतो, आणि त्यावर कुठलंही पॉलिश धरत नाही. डब्यावर सांगितलेल्या पद्धतीने, बहुतेकदा कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. प्रत्येक वेळी स्वच्छ पाणी घ्या. मग खोली काही दिवस उघडी ठेवून वाळू द्या. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. घरातल्या न भिजलेल्या पट्टीचा आकडा आणि इथला आकडा जुळला की पुढे जायचं. द्रावणाचा वास येतोय तोवर सँडर चालू करायचा नाही.

आता सँडर. फिकट डाग उरला असेल तर चालेल, बोटाला लागेल असा चिकटपणा मात्र नको. वर आलेले खिळे ठोकून खाली बसवा. पेपर ३६ नंबरपासून सुरू करून ६०, ८०, १०० असे चढत जा. ड्रमचा सँडर एका जागी क्षणभर थांबला तरी खड्डा पडतो. नवख्या माणसाने तो घेऊ नये, चौकोनी थरथरणारा ऑर्बिटल घ्यावा. वेळ जास्त जातो, पण जमीन सपाट राहते. धुळीच्या पिशवीत लाकडाचा भुसा आणि जुनं पॉलिश एकत्र असतं, तीही घरात रात्रभर ठेवू नका.

सगळ्या खोलीला पॉलिश मारण्यापूर्वी कपाटाच्या आतल्या त्याच प्रयोगाच्या जागी एक हात मारून चोवीस तास थांबा. पॉलिश माशाच्या डोळ्यांसारखं गोल गोल फाटलं, किंवा नखाने सोलून आलं, तर ओशटपणा अजून आहे. साबणाच्या पाण्याकडे परत जा आणि पुन्हा वाळवा. सपाट आणि कडक बसलं तर उरलेला डबा उघडायला हरकत नाही.